खालून शेंडा दिसत नाही, वरून जमीन

झाडाची उंची मोजायची म्हटलं की बहुतेकांना शाळेतलं एक गणित आठवतं. सपाट जमीन, सरळसोट झाड, थोड्या अंतरावर उभा एक माणूस आणि त्याच्या डोळ्यापासून शेंड्याकडे गेलेली तिरकी रेघ. अंतर दिलेलं, उन्नत कोन दिलेला. कोनाचा टॅन काढायचा, अंतराने गुणायचं, डोळ्याची उंची मिळवायची. मार्क हमखास.

या गणितात चूक काहीच नाही. अडचण एवढीच की त्यातलं झाड माळावरचं आहे. त्याचा बुंधाही दिसतो आणि शेंडाही. उष्णकटिबंधातल्या दाट, सदाहरित जंगलात उभं राहून वर पाहिलं तर शेंडा नावाची गोष्ट नसतेच. खोड वर जातं, पहिल्या फांद्यांशी पोचतं आणि हिरव्यात विरून जातं. त्याच्यावर दुसऱ्याच झाडाच्या फांद्या, त्यांत गुंतलेल्या वेली, मधूनमधून आभाळाचे कवडसे. दिसणारं पान नेमक्या याच झाडाचं आहे की शेजारच्याचं, हेही खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे अशा जंगलात उंची ‘मोजली’ म्हणण्यापेक्षा ‘अंदाजली’ म्हणणंच जास्त प्रामाणिक ठरतं. आणि हा अंदाज कुठे, कसा आणि किती चुकतो, हे कळलं तर निम्मं काम झालं.

पण उंची हवीच कशाला? एखादं झाड 28 मीटर आहे की 32, याने कोणाचं काय बिघडतं?

बिघडतं ते कार्बनच्या हिशेबात. जंगलात किती कार्बन साठलाय हे काढायचं तर झाडांचं वजन लागतं आणि उभं झाड तराजूवर ठेवता येत नाही. म्हणून आधी कुठेतरी काही झाडं तोडून, त्यांचे तुकडे करून, खरोखर वजनं केली जातात आणि त्यावरून एक सूत्र बसवलं जातं. सध्या जगभर सर्वाधिक वापरलं जाणारं सूत्र जेरोम शाव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मांडलं. त्यामागे 58 ठिकाणची 4,004 झाडं आहेत. सूत्रात तीनच गोष्टी लागतात: लाकडाची घनता, छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.3 मीटरवर मोजलेला खोडाचा व्यास आणि झाडाची उंची. घनता, व्यासाचा वर्ग आणि उंची यांचा गुणाकार करायचा, त्याचा 0.976 वा घात घ्यायचा आणि 0.0673 ने गुणायचं. उत्तर किलोत येतं, झाडाच्या जमिनीवरच्या भागाचं कोरडं वजन.

एक झाड घेऊन बघू. व्यास 50 सेंटिमीटर, घनता घनसेंटिमीटरला 0.6 ग्रॅम, उंची 30 मीटर. वजन येतं सुमारे 2,340 किलो. आता बाकी सगळं तेच ठेवून उंची चुकून 24 मीटर मोजली, तर वजन 1,880 किलोवर येतं. एका झाडामागे साडेचारशे किलोंची तफावत, आणि त्यातला साधारण निम्मा भाग कार्बन. व्यास काढायला खोडाभोवती टेप गुंडाळली की झालं. बुंध्याला भिंतीसारख्या रुंद मुळ्या फुटलेल्या असतील तर त्यांच्या वर शिडी लावून मोजावं लागतं, पण तेवढंच. घनता त्या जातीच्या लाकडाच्या तक्त्यात मिळते. तिघांत नाठाळ एकटी उंची.

म्हणूनच अनेक वर्षं तिला सरळ गाळलं जात होतं. व्यास घ्यायचा, घनता घ्यायची, उंची त्या व्यासाच्या मागोमाग येईलच असं धरायचं. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने या गाळण्याची किंमत मांडली. उंची धरून हिशेब केला तर जगातल्या उष्णकटिबंधीय जंगलांत 285 अब्ज टन कार्बन आहे असं मानू. उंची न धरता तोच हिशेब 35 अब्ज टनांनी फुगतो. ही झाडं जंगलात नाहीतच, ती फक्त कागदावर उगवलेली आहेत.

आता प्रत्यक्ष मोजणीकडे येऊ.

मोजणाऱ्याच्या हातात दोनपैकी एक साधन असतं. पहिलं क्लिनोमीटर. डोळ्याला लावून शेंड्याकडे रोखायचं, ते कोन सांगतं. टेपने खोडापर्यंतचं आडवं अंतर मोजायचं आणि शाळेतलं गणित करायचं. ही टॅनची पद्धत. दुसरं साधन म्हणजे लेझरवर चालणारा अंतरमापक. तो शेंड्याकडे रोखून कळ दाबली की लेझरचा किरण जिथे आदळला त्या बिंदूपर्यंतचं तिरकं अंतर आणि कोन, दोन्ही मिळतात. तिरक्या अंतराला कोनाच्या साइनने गुणलं की त्या बिंदूची उंची. ही साइनची पद्धत. वहीतल्या त्रिकोणावर दोन्ही पद्धती एकच उत्तर देतात. जंगलात देत नाहीत, आणि का देत नाहीत यातच सगळी गंमत आहे.

कागद-पेन्सिल घेऊन एक आकृती काढा. खोड तुमच्यापासून 20 मीटरवर. शेंडा बरोबर खोडाच्या रेषेत, तुमच्या डोळ्याच्या पातळीपासून 30 मीटर वर. हे खरं उत्तर. पण झाड पसरट आहे. त्याची एक जाड फांदी तुमच्या दिशेने 4 मीटर पुढे आलेली आहे, म्हणजे तुमच्यापासून 16 मीटरवर, आणि ती 27 मीटर उंचीवर आहे. तुमच्या डोळ्यापासून दोन रेघा ओढा, एक फांदीकडे आणि एक शेंड्याकडे. फांदीची रेघ जास्त उभी निघते: जवळपास 59 अंश. शेंड्याची 56. म्हणजे खालून पाहताना सगळ्यात वरचं दिसतं ते फांदीचं टोक, आणि शेंडा तिच्या आड लपलेला असतो. मोजणारा त्या टोकालाच शेंडा समजतो. त्याचा दोष नाही, त्याला दुसरं काही दिसतच नाही.

आता क्लिनोमीटरवाला फांदीचा कोन घेतो, पण अंतर मात्र खोडाचं घेतो. 27 भागिले 16, गुणिले 20. उत्तर 33.75 मीटर. झाड पावणेचार मीटरने वाढलं. लेझरवाला त्याच फांदीवर किरण मारतो आणि त्याला फांदीची खरी उंची मिळते: 27 मीटर. झाड तीन मीटरने घटलं. माणसं दोन, बिंदू तोच, उपकरणं बिनचूक, आणि दोघांच्या उत्तरांत जवळपास सात मीटरचा फरक. खरा आकडा मधेच कुठेतरी, दोघांनाही न दिसलेला.

मला या आकृतीचं अप्रूप वाटतं, कारण नव्याने शिकणारा माणूस चूक नेहमी उपकरणात शोधतो. महागडं यंत्र आणलं की प्रश्न सुटेल असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात यंत्राने कोन अर्ध्या अंशापर्यंत अचूक दिला तरी तो चुकीच्या पानाचा असेल तर काय उपयोग?

त्याच आकृतीत आता मागे सरका. खोडापासून 40 मीटरवर उभे राहा. फांदी 36 मीटरवर येते. 27 भागिले 36 म्हणजे पाऊण. शेंडा: 30 भागिले 40, तोही पाऊण. दोन्ही एका रेषेत आले! आणखी दोन पावलं मागे गेलात की शेंडा फांदीच्या वर डोकं काढतो आणि चूक जवळजवळ संपते. शिवाय लांब जाण्याचा आणखी एक फायदा आहे. हात हलून कोन दोन अंशांनी चुकला, तर 10 मीटरवरून पाहताना या झाडाच्या उंचीत जवळपास 4 मीटरचा घोळ होतो. 30 मीटरवरून तोच घोळ सव्वादोन मीटरपर्यंत खाली येतो. म्हणून झाडाच्या उंचीइतकं तरी मागे जा, कोन 45 अंशांच्या आसपास ठेवा, असं मोजणी शिकवणारे सांगतात.

सल्ला उत्तम आहे. पण दाट जंगलात 40 मीटर मागे गेलं की मधे दहा झाडं येतात आणि ज्याची उंची मोजायची ते झाडच दिसेनासं होतं. जवळ गेलं तर शेंडा लपतो, लांब गेलं तर झाड. मग मोजणारे काय करतात? झाडाभोवती फिरतात. एखादी पडझड झालेली जागा, ओढ्याचा काठ, पायवाटेची फट, जिथून थोडंफार वरचं दिसेल अशी खिडकी शोधतात. एकाने खोडाशी उभं राहून झाड हलवायचं आणि दुसऱ्याने लांबून कोणतं छत्र हललं ते पाहायचं, हा उपाय बारीक झाडांना चालतो. मोठ्या झाडाला अर्थातच काही वाटत नाही.

साइनच्या पद्धतीचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. किरण कशावर तरी आदळल्याशिवाय परत येत नाही. तो फांदीवर आदळला तर झाड निदान तेवढं तरी उंच आहेच. म्हणजे ही पद्धत, यंत्र ठीक असेल आणि पान शेजारच्या झाडाचं नसेल तर, कधी फुगवून सांगत नाही. म्हणून अनुभवी माणूस एकदा कळ दाबून थांबत नाही. छत्राच्या फटींतून, वेगवेगळ्या जागांवरून पंधरा-वीसदा किरण सोडतो आणि सगळ्यात मोठं उत्तर घेतो. खालून वर चढत चढत खऱ्या उंचीच्या जवळ जाण्याचा तो मार्ग.

2013 मध्ये पनामातल्या जंगलात या दोन पद्धतींची समोरासमोर तुलना प्रसिद्ध झाली. साइनच्या पद्धतीने उंची सरासरी 20 टक्के कमी भरली, पण मोजमापं एकमेकांच्या जवळ राहिली. टॅनच्या पद्धतीची सरासरी खऱ्याच्या बऱ्यापैकी जवळ होती, पण सुटी मोजमापं वर-खाली भरकटली. यातली कोणती चूक परवडते? ते तुम्हाला काय हवंय यावर आहे. हजार झाडांचा एकूण जैवभार, म्हणजे कोरडं वजन, काढायचा असेल तर भरकटणारी चूक एकमेकींत बरीचशी जिरून जाते: एक झाड तीन मीटर जास्त, दुसरं तीन मीटर कमी. पण प्रत्येक झाड 20 टक्के कमी मोजलं असेल तर हजारच काय, लाख झाडं मोजूनही ती 20 टक्के तशीच राहतात. उलट एकाच झाडाची दरवर्षी वाढ बघायची असेल तर भरकटणारं माप कुचकामी. झाड वर्षभरात तीन मीटर आखडलं असं वहीत दिसायला लागतं.

झाड कललेलं असेल तर आणखी एक वळण. तुमच्या दिशेने झुकलेलं झाड टॅनच्या पद्धतीत उंच वाटतं, पाठ फिरवून झुकलेलं बुटकं. उपाय सोपा आहे: झुकण्याच्या दिशेला काटकोनात, बाजूने उभं राहून मोजायचं. जागा मिळाली तर.

एवढी सगळी कसरत प्रत्येक झाडाची करणं कोणालाच शक्य नसतं. मोठ्या अभ्यासक्षेत्रात हजारो झाडं असतात. म्हणून काही झाडांचीच उंची नीट मोजतात, त्यांचा व्यास आणि उंची यांचा आलेख काढतात आणि उरलेल्यांची उंची त्या रेषेवरून वाचतात. ही रेषा सरळ नसते. तरुण झाड आधी उजेडाकडे धावतं; उंची भराभर वाढते. जंगलाच्या हिरव्या छताला पोचलं की धावायचं कारण उरत नाही. पुढे खोड जाड होत जातं आणि उंची जागच्या जागी. म्हणून फार जाड झाडांचा व्यास पाहून उंची सांगणं सगळ्यात धोक्याचं, आणि जंगलाचा बराचसा जैवभार नेमका अशाच मोजक्या राक्षसी झाडांत असतो.

शिवाय ही रेषा एका जंगलातून उचलून दुसऱ्यात वापरता येत नाही. तेवढ्याच जाडीचं झाड आग्नेय आशियात एका उंचीचं असतं, अॅमेझॉनच्या बऱ्याच भागांत त्याहून कमी. पाऊस, कोरड्या महिन्यांची संख्या, वारा, माती, जाती, सगळं यात येतं. स्थानिक शंभरएक झाडं नीट मोजून काढलेली रेषा जगभराच्या तयार रेषेपेक्षा बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या कामाला कंटाळून तयार सूत्र वापरण्याचा मोह मात्र मोठा असतो.

मग कोणीही म्हणेल, खालून दिसत नाही तर वरून बघा.

वरून बघायचं साधन म्हणजे लायडार. विमानातून किंवा ड्रोनमधून सेकंदाला लाखो लेझरचे ठोके खाली सोडायचे आणि प्रत्येक ठोका परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे 30 सेंटिमीटर जातो. जाऊन-येऊन धरलं तर एका नॅनोसेकंदाचा फरक म्हणजे 15 सेंटिमीटरची उंची. काही ठोके शेंड्यावरूनच परततात, काही फटींतून खाली जमिनीपर्यंत जाऊन येतात. वरच्या पृष्ठभागातून जमिनीचा पृष्ठभाग वजा केला की झाडांची उंची उरते. शेंडा शोधायचा प्रश्नच मिटतो, कारण आता आपण त्याच बाजूला आहोत. टोकाची एखादी डहाळी दोन ठोक्यांच्या मधून निसटते, पण पसरट छत्राच्या झाडांत ते नुकसान किरकोळ.

आता अडते ती जमीन. दाट जंगलात बहुतेक ठोके पानांतच संपतात, मातीपर्यंत अगदी थोडे पोचतात. ते पुरेसे नसले तर खालची झुडपंच जमीन समजली जातात. जमीन दोन मीटर वर सरकली की त्या भागातलं प्रत्येक झाड दोन मीटरने खुजं होतं. आणखी एक कटकट अशी की वरून दिसतो एक सलग हिरवा गालिचा. त्यात एक झाड कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे संगणकाला ठरवायला लावावं लागतं, आणि एकमेकांत घुसलेल्या छत्रांपुढे तोही गडबडतो. खालच्या थरातली लहान झाडं तर गालिच्याखालीच राहतात.

तरी मोठी झाडं शोधण्यात लायडारचा हात कोणी धरू शकत नाही. बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या साबा राज्यातल्या डॅनम खोऱ्यात 2018 मध्ये हवाई लायडारच्या आकड्यांत एक झाड भलतंच उंच दिसलं. पिवळ्या मेरांतीच्या जातीचं. अॅमेझॉनच्या उत्तर भागातलं 88.5 मीटरचं अँजेलिम व्हर्मेल्यो, शास्त्रीय नाव दिनिझिया एक्सेल्सा, हेही असंच वरून सापडलं. त्याची बातमी 2019 मध्ये आली आणि त्याच्या बुंध्याशी माणसं पोचली ती 2022 मध्ये.

विमान सगळीकडे उडवणं परवडत नाही, म्हणून आणखी वर जायचं. डिसेंबर 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ‘जेडी’ नावाचं नासाचं लायडार पाठवलं गेलं, खास जंगलांची उंची मोजायला. त्याचा एक ठोका जमिनीवर सुमारे 25 मीटर व्यासाचा ठिपका उजळतो. म्हणजे ते एका झाडाची उंची सांगत नाही, त्या ठिपक्यातल्या सगळ्या पानांची आणि मातीची मिळून आलेली एक लहर परत आणतं. लहरीचं वरचं टोक छत, खालचा उंचवटा जमीन. सपाट जागी हे छान चालतं. पण 30 अंशांच्या उतारावर 25 मीटरच्या ठिपक्यात जमीनच 14 मीटर वर-खाली होते. छताची आणि जमिनीची लहर एकमेकांत मिसळते, आणि उंची कुठून कुठपर्यंत धरायची हे सांगणं कठीण होतं.

शिवाय हे ठिपके विखुरलेले असतात. मधल्या जागा उपग्रहांच्या साध्या छायाचित्रांवरून, संगणकाला शिकवून भरतात. जगाचे 30 मीटर आणि 10 मीटर बारकाईचे जे उंचीचे नकाशे आता कोणालाही फुकट बघता येतात ते असे तयार झालेत. नकाशा दिसायला इतका रेखीव असतो की प्रत्येक चौकोनात कोणीतरी खरंच मोजलंय असं वाटतं. तसं नाही. आणि वरून काढलेलं हिरव्या गालिच्याचं छायाचित्र 35 मीटरच्या जंगलाचं असो की 55 च्या, फारसं वेगळं दिसत नाही. म्हणून हे नकाशे सगळ्यात उंच जंगलांत उंची कमी दाखवतात.

रडारची गोष्ट वेगळी. युरोपीय अंतराळ संस्थेचा ‘बायोमास’ उपग्रह 29 एप्रिल 2025 रोजी गेला. त्याच्या लहरींची लांबी सुमारे 70 सेंटिमीटर आहे. इतक्या लांब लहरींना पानं अडवत नाहीत. त्या फांद्या आणि खोडांवरून परततात, ढगांचंही त्यांना काही नसतं. एकाच जागेवरून थोड्या वेगळ्या कक्षांतून अनेकदा जाऊन, रुग्णालयातल्या सीटी स्कॅनसारखे जंगलाचे आडवे थर वेगळे काढायचे, अशी त्याची योजना आहे.

यांपैकी प्रत्येक उपग्रहाचा आकडा बरोबर की चूक हे शेवटी जमिनीवरच्या मापाशी ताडून बघतात. म्हणजे पुन्हा तोच क्लिनोमीटरवाला आणि त्याची ती फांदी.

बोर्निओतल्या त्या झाडाचं तसं झालं नाही. जानेवारी 2019 मध्ये एक जण दोर लावून त्याच्यावर चढला, थेट शेंड्यापर्यंत, आणि सोबत नेलेली टेप त्याने खाली सोडली. 100.8 मीटर. झाडाचं नाव ठेवलं ‘मेनारा’, मलय भाषेत मनोरा. लपलेला शेंडा आणि न दिसणारी जमीन या दोन्ही टोकांना एकाच वेळी माणूस उभा असण्याचा हा बहुधा एकच मार्ग.

तरीही टेपचं शून्य कुठे लावायचं हा प्रश्न उरतोच. उतारावरच्या रुंद बुंध्याच्या झाडाला चढाच्या बाजूने मोजलं तर एक उंची, उताराच्या बाजूने मोजलं तर दोन-तीन मीटर जास्त. कोणी दोन्हींच्या मधली पातळी धरतात, कोणी वरची बाजू. म्हणून मोजणीच्या वहीत उंचीच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखलेले बरे: कोणत्या पद्धतीने मोजलं, आणि कुठून.